मदत हवी आहे: फेब्रुवारीत मॉस्को ते इर्कुत्स्क रेल्वेने, सोबत इन्सुलिन

नमस्कार मंडळी,

हे मध्य रेल्वेत ३१ वर्षं लोको पायलट होते, भुसावळला. गेल्या वर्षी रिटायर झाले. एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून लांबचा म्हणावा असा रेल्वेप्रवास फार तर चार-पाच वेळा केला असेल. गाडी ह्यांची आणि डबा माझा, असंच चाललं. रात्री दोनला कॉलबॉय ड्युटीला बोलवायला दारात आला की उठून पोळ्या लाटायच्या आणि हे परत येईपर्यंत घड्याळाकडे बघायचं.

आता ह्यांना रशियातल्या ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने जायचंय, आणि तेही भर थंडीत. उन्हाळ्यात कोणीही गाडी चालवेल, उणे तीसमध्ये ते लोक रूळ, सांधे, ब्रेक कसे सांभाळतात ते बघायचंय, असं म्हणतात. मॉस्को ते व्लादिवोस्तोक ९२८८ किमी, दोन रुळांमधलं अंतर १५२० मिमी म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा कमी, पूर्ण मार्गावर २००२ पासून वीज, हे सगळं पाठ आहे. मला मात्र त्यांच्या शेजारी खिडकीत बसून चार दिवस कुठेही न उतरता जायचंय, एवढंच.

काळजी एकच, पण मोठी. ह्यांना नऊ वर्षांपासून इन्सुलिन आहे, दिवसातून तीनदा. वय ६१, मी ५८. मुलगा म्हणतो, थंडीत नका जाऊ. मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला भीती वाटते.

सध्याचा बेत असा: विमानाने मॉस्को, तिथून गाडीने इर्कुत्स्कपर्यंत ५१८५ किमी, मग बैकाल तलावाजवळ चार दिवस मुक्काम, मग विमानाने परत. सलग सात दिवस व्लादिवोस्तोकपर्यंत जायचा ह्यांचा आग्रह होता, तो मी कसाबसा मोडला. ई-व्हिसा मिळतो हे कळलंय. आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत, हेही कळलंय.

आता प्रश्न. बाहेर उणे २५-३० असताना इन्सुलिन गोठू नये म्हणून काय करायचं? गाडीत वेळ पाच तासांनी पुढे सरकते, मग डोस आणि जेवण कोणत्या घड्याळाने? मी शुद्ध शाकाहारी आहे, हे अंडं खातात. चार दिवस काय खायचं? कुपेत, म्हणजे डब्यातल्या बंद खोलीत, चार बर्थ असतात, दोन अनोळखी माणसांसोबत आमच्या वयाला जमेल का?

कोणी थंडीत हा प्रवास केला असेल तर कृपया सविस्तर लिहा. थोडक्यात लिहिलंत तर माझी भीती जाणार नाही.

*

प्रतिसाद:

काकू, मी रशियात सहा वर्षं राहून एमबीबीएस केलं. सुट्टीत याच मार्गावर हिवाळ्यात तीनदा गेलेय, म्हणून लिहिते.

आधी इन्सुलिन. डब्यात अजिबात थंडी नसते. प्रत्येक डब्याचं स्वतःचं हीटिंग असतं आणि आत २२ ते २५ अंश. उलट उकडतं. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन तिथे आरामात राहील. धोका आहे तो स्टेशनवर, टॅक्सीत आणि बैकालवर. तेव्हा पेन स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. पाठीवरच्या सॅकमध्ये नको. विमानातही चेक-इन सामानात कधीच नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा चांगलं दिसलं तरी फेकून द्यायचं, त्याची ताकद गेलेली असू शकते. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्सही खिशातच, थंडीत मीटर एरर दाखवतं. सगळं लागेल त्याच्या दुप्पट घ्या, दोघांच्या सामानात वाटून. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत असू द्या.

घड्याळाचं म्हणाल तर गाडी विमानापेक्षा बरी. पाच तास एकदम उडी मारत नाहीत, रोज साधारण तास-सव्वा तासच पुढे जातात. जेवण तेवढं तेवढं सरकवता येतं. पण डोसचा तक्ता निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, माझ्या सांगण्यावर करू नका. काकांच्या जुन्या माहितीत सगळीकडे मॉस्कोची वेळ असेल. ते ऑगस्ट २०१८ मध्ये बदललं, आता तिकिटावर स्थानिक वेळ असते.

खाणं: डब्याच्या टोकाला बॉयलर असतो, चोवीस तास उकळतं पाणी. भाजलेले पोहे, उपम्याचं कोरडं पीठ, मेतकूट-भात असं कोरडं करून न्या, कपात पाणी ओतून झाकलं की दहा मिनिटांत तयार. स्टेशनवर कोबीचे किंवा बटाट्याचे पिरोझ्की, म्हणजे सारण भरलेले छोटे पाव, मिळतात, पण घेताना 'बेझ म्यासा', म्हणजे मांसाशिवाय, असं विचारा. नूडल्सच्या पाकिटांत बहुतेक वेळा मांसाचा रस्सा असतो. काकांची साखर उतरली तर म्हणून ग्लुकोज आणि बिस्किटं उशाशीच.

कुपेत खालचे दोन्ही बर्थ समोरासमोर घ्या. वरची माणसं दिवसा तुमच्या बर्थवर येऊन बसतील, तिथे तशीच पद्धत आहे, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या एका प्रवासात समोरच्या आजींनी पेर्मपासून ओम्स्कपर्यंत स्वतःच्या बरणीतलं जाम मला खाऊ घातलं. भाषा एकमेकींची शून्य. डब्याची प्रोवोद्नित्सा, म्हणजे अटेंडंट बाई, पहिल्याच दिवशी गाठा आणि 'दियाबेत' एवढा शब्द सांगून ठेवा.

कॉरिडॉरमध्ये थांब्यांची यादी लावलेली असते. दोन मिनिटांच्या थांब्याला उतरू नका, वीस-तीस मिनिटांच्याला जरूर उतरा. दांडीला उघडा हात लावू नका. आणि काकांना सांगा, मोठ्या थांब्यावर माणसं येऊन डब्याखाली साचलेला बर्फ सळईने फोडतात आणि लांब दांड्याच्या हातोडीने चाकं वाजवून बघतात.

एक सुचवू? प्रवास इर्कुत्स्कला न संपवता बैकालपलीकडच्या उलान-उदे शहरापर्यंत करा, पण इर्कुत्स्कला उतरून पुढच्या टप्प्याचं तिकीट वेगळं घ्या, दिवसाउजेडीच्या गाडीचं. इर्कुत्स्कनंतर स्ल्युद्यांकापासून रूळ बैकालच्या काठाने जातात, तलाव डाव्या हाताला. फेब्रुवारीत सगळा गोठलेला. तो टप्पा चुकवू नका.

*

धागाकर्तीचा प्रतिसाद:

बाळा, तुझे आभार कसे मानू. तुझं सगळं ह्यांना वाचून दाखवलं. चाकांवरच्या हातोडीपाशी मला थांबवलं, म्हणाले पुन्हा वाच. मग म्हणाले, चांगल्या चाकाचा आवाज घंटेसारखा येतो, तडा असेल तर बद्द येतो, बर्फात कसा येतो ते ऐकायचंय.

उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तक्त्यासाठी. मुलालाही सोबत नेते, म्हणजे त्याच्या समोरच बोलणं होईल. उलान-उदेचं पटलं. स्वेटरला आतून खिसा शिवायला आजच काढला आहे.