क्रँकची लांबी बदलली असेल तर अनुभव लिहा

माझी उंची ५ फूट १ इंच. सायकल घेताना फ्रेमचा साइज बघितला, रंगावरून तासभर डोकं खाल्लं, पण क्रँक (पॅडल जिला लागतं ती दांडी) केवढा आहे हे विचारायचं सुचलंच नाही. दोन वर्षं कात्रजचा जुना घाट चढताना उजवा गुडघा कुरकुरायचा. एकदा सायकल धुताना पॅडलपाशी दांडीच्या मागचा चिखल निघाला आणि खाली कोरलेला आकडा दिसला : १७० मिमी. आता १६५ आहे. पॅडल वर आलं की मांडी पोटाला भिडायची, ते थांबलं. गुडघाही गप्प आहे. घाटाला वेळ मात्र तेवढाच लागतो. तुमचं काय? सीट किती हलवली तेही सांगा.
– पुणे

सीटचं विचारलंत ते बरं केलंत. मी १७५चा १७० केला आणि सीट होती तिथेच ठेवली. दोन आठवडे पाय आखडल्यासारखा वाटायचा, नव्या क्रँकला मनसोक्त शिव्या घातल्या. अहो, क्रँक ५ मिमी आखूड झाला की पॅडल तळाला ५ मिमी वरच थांबतं. म्हणजे सीटही तेवढी वर घ्यायची. घेतली, तर वरच्या टोकाला गुडघ्याला चक्क १० मिमी मोकळीक मिळाली.
– नाशिक

आम्ही हाफ पायडल मारत शिकलो. क्रँक घट्ट धरणारी कॉटरपिन ढिली झाली की क्रँक कटकट वाजायचा, तेवढीच त्याची ओळख. चालू द्या!
– सांगली

माझी फजिती ऐका. सायकलपटू पोगाचारने २०२४ची टूर द फ्रान्स शर्यत १६५वर जिंकली, म्हणून मीही १७२.५ काढून १६५ लावला. पहिल्याच दिवशी पॉवर चार-साडेचार टक्के जास्त! चार दिवस हवेत होतो. मग लक्षात आलं, पॅडलमधलं पॉवर मीटर क्रँकची लांबी धरूनच पॉवर काढतं, आणि त्याच्या सेटिंगमध्ये लांबी १७२.५च राहिली होती. दुरुस्त केल्यावर आकडे जुनेच. संशोधक जिम मार्टिन यांच्या २००१च्या प्रयोगातही १२० ते २२० मिमी एवढ्या लांबींमध्ये कमाल पॉवरचा फरक जेमतेम ४ टक्के होता.
पाय फिरवण्याची पद्धत मात्र बदलली. एका फेरीत पाऊल १०८ सेंमी फिरायचं, आता १०४. कॅडन्स (मिनिटाला पॅडलच्या फेऱ्या) आपोआप ८२वरून ८८ झाला. पण तरफ आखूड झाल्याने त्याच गिअरला जोर जास्त लागतो, सिंहगडावर ते चांगलंच कळतं. मागे २८ऐवजी ३२ दात्यांचं चक्र घेतलं तेव्हा जमलं.
– पुणे

एमटीबीवर (माउंटन बाइकवर) १७५चा १७०. दगडांना पॅडल आपटणं कमी झालं. बाकी काही नाही.
– फोंडा

माझा गुडघा क्रँक बदलूनही दुखतच राहिला. दोष क्लीटच्या (बुटाच्या तळाला पॅडलमध्ये अडकणारा तुकडा) कोनाचा निघाला. क्रँकचे पैसे गेले ते गेलेच.
– ठाणे

मुलगी ११ वर्षांची, उंची १३५ सेंमी, सायकलला क्रँक १७०. बिचारी प्रत्येक फेरीला सीटवर डावी-उजवीकडे डुलते. १४०-१४५चा कुठे मिळेल? दुकानदार म्हणतो, "ताई, पोर वाढेल की दोन वर्षांत."
– कोल्हापूर