मदत हवी आहे: सूर्यावरच्या कमानी सतत तापत असतील, तर मला निवताना का दिसतात?

नमस्कार मंडळी,

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतेय आणि चार दिवस एकाच जागी अडकलेय. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,800 केल्विन, वर कोरोनातल्या (सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या) प्लाझ्माच्या (विद्युतभारित वायूच्या) कमानी मात्र दहा-वीस लाख केल्विन, हे कोडं ठाऊक आहे. माझी अडचण त्याच्या पुढची.

नासाच्या एसडीओ यानाच्या प्रतिमांतून सौरडागांवरची एक कमान निवडली. ती आधी 211 अँगस्ट्रॉम तरंगलांबीला उजळते (साधारण 20 लाख केल्विन), मग 193 ला (15 लाख), शेवटी 171 ला (7-8 लाख). म्हणजे निवतच चाललीय! शिवाय 10 लाख केल्विनला 50 हजार किलोमीटर वर गेल्यावर घनता जेमतेम एक-तृतीयांश उरायला हवी. चमक घनतेच्या वर्गाप्रमाणे, म्हणून माथा फिकट हवा. तो चांगलाच उजळ आहे. कुठे चुकतेय?

प्रतिसाद 1:

चुकत नाही आहात. फक्त 'सतत' हे गृहीतक सोडा. कमानीचे पाय खळबळत्या पृष्ठभागात रुतलेले असतात. तिथल्या हालचालींनी चुंबकीय रेषांचे पेड एकमेकांत गुंततात, ताण असह्य झाला की तुटून नव्याने जुळतात. सौरशास्त्रज्ञ यूजीन पार्करने 1988 मध्ये मांडलेले नॅनोफ्लेअर (अतिसूक्ष्म स्फोट) ते हेच. झटका बसला की एकेक पेड भडकन तापतो, पण तेव्हा आत प्लाझ्मा विरळ, त्यामुळे तो जवळपास दिसतच नाही. उष्णता रेषेवरून खाली वर्णगोलात (पृष्ठभागाच्या लगेच वरच्या थरात) उतरते, तिथला दाट वायू तापून वर चढतो आणि पेड भरतो. तोवर निवणं सुरू झालेलं असतं. घनता मात्र तापलेल्या काळातली, लगेच ओसरत नाही. तुमचा उजळ माथा त्यातूनच येतो.

तापण्याचं दुसरं स्पष्टीकरण म्हणजे आल्फवेन लहरी (चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या लहरी). त्याही अगदीच बाद नाहीत. 2011 मध्ये एसडीओच्याच निरीक्षणांतून शांत भागाला पुरेल एवढी ऊर्जा त्यांच्यात आढळली. पण डागांवरच्या कमानींना दर चौरस मीटरला सुमारे 10,000 वॅट लागतात, तिथे त्या तोकड्या पडल्या.

94 अँगस्ट्रॉमची मालिका काढून बघा. 211 च्या आधी तिथे अंधूक उजळणं हवं. सांभाळून, त्या पट्ट्यात 70 लाखांसोबत 10 लाख केल्विनचाही प्रकाश मिसळतो. 171 शी ताडूनच ठरवा.

प्रश्नकर्ती:

मनापासून आभार! 94 मध्ये 211 च्या आधी खरंच हलकी चमक आहे, आणि तेव्हा 171 मध्ये काहीच नाही. आता पार्श्वभूमीचा प्रकाश वजा करून पुन्हा आलेख काढते.