मदत हवी आहे: मुळांवर गाठी आलेली माती उन्हाळी भाज्यांना वापरता येईल का?

पुण्यात गच्चीवर बाग आहे. टोमॅटो खुरटले, ओली माती असूनही दुपारी माना टाकायला लागले. उपटले तर मुळांवर मण्यांसारख्या गाठी. वाल-मटाराच्या मुळांवरच्या गाठी नखाने सहज सुटतात. इथे मूळच फुगलंय, म्हणजे सूत्रकृमीच (मुळांत शिरणारे मातीतले सूक्ष्म जंत) असावेत.

फेब्रुवारीत याच ग्रो बॅगांत भेंडी, काकडी आणि दोडका लावायचाय, आणि नेमकी ही तिन्ही सूत्रकृमींना बळी पडणारी. गाठीची मुळं वेचून कचऱ्यात दिली, कंपोस्टमध्ये टाकली नाहीत. निंबोळी पेंड मिसळली. माती पारदर्शक प्लॅस्टिकखाली उन्हात ठेवलीय, पण जानेवारीचं ऊन ते. हाताला जेमतेम कोमट लागते. काही बॅगांत झेंडू लावीन, सगळ्या अडकवता येणार नाहीत.

चौथा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे सगळी माती बदलणं अवघड. घरात लहान मुलं आहेत, रासायनिक औषध नकोच.

पॅसिलोमायसिस किंवा ट्रायकोडर्मा (मातीत मिसळायच्या उपयोगी बुरशी) कुणी कुंडीत वापरलंय का? पेरणीच्या किती दिवस आधी, आणि पेंडीबरोबरच की वेगळं? की ही माती एप्रिल-मेच्या उन्हासाठी राखून ठेवावी आणि सध्या थोडक्या नव्या मातीत फक्त भेंडी करावी?