आई वृद्धाश्रमात पाणीच पीत नाही, काय करू?

नाशिकची लेक: आई ८२ वर्षांची, आठ महिन्यांपासून वृद्धाश्रमात आहे. उशाशी सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असतो. विचारलं की म्हणते, "तहानच नाही गं." परवा तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली. फार घाबरलेय.

अकोल्याची सिस्टर: ताई, मी अकरा वर्षं वृद्धाश्रमात नर्स आहे. आधी डॉक्टरांना दाखवा, आजच. असं अचानक सुरू झालं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. अंगातलं पाणी कमी झालं, लघवीत इन्फेक्शन झालं किंवा सोडियम उतरलं, तरी म्हातारी माणसं अशी गोंधळतात.

आई खरंच सांगताहेत, या वयात तहान कमी लागते. म्हणून आम्ही "पाणी हवं का?" विचारत नाही, उत्तर "नको"च येतं. फुलपात्र हातात देतो आणि जवळ बसतो. आमच्या एक आजी बाटलीला तोंडच लावत नसत. मुलाने घरचं पितळी भांडं आणून दिलं, तेव्हापासून पितात.

पण मला विचाराल तर खरी अडचण बहुतेकदा लघवीला जायची असते. रात्री कामाच्या मावशींना उठवायचा संकोच, वर पाय घसरायची भीती. हे कुणी बोलून दाखवत नाही. खाटेजवळ कमोडची खुर्ची आहे का, हाकेला कुणी येतं का, ते बघून या. आम्ही बरंचसं पाणी संध्याकाळी सहाच्या आत देतो.

बायकांना दिवसाला पेयं मिळून निदान १.६ लिटर लागतात. त्यात चहा, ताक, पेज, वरणाचं पाणी सगळं धरा. आमच्याकडच्या मे महिन्यात एवढ्याने भागत नाही.

सांगलीकर: एक जोडतो. माझ्या वडिलांना हार्टचा त्रास होता, डॉक्टरांनी पाणी मोजून ठरवून दिलं होतं. हार्ट, किडनी किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय वाढवू नका. पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा.

नाशिकची लेक: लघवीत इन्फेक्शनच निघालं, औषध सुरू केलंय. हार्ट-किडनीचं काही नाही, डॉक्टर म्हणाले पाणी वाढवा. आणि सिस्टर, तुमचं बरोबर होतं. संडास बोळाच्या टोकाला, रात्री तिथे दिवा नसतो. आई दुपारनंतर पाणी सोडूनच देत होती, मला एका शब्दाने बोलली नाही. खुर्ची उद्या येतेय, दिव्याचंही बोलून आले. आज जेवताना शेजारी बसले, तर दोन फुलपात्रं ताक प्यायली.