'बर्न्ट माउंड'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, एका शब्दापाशी अडकलेय. स्कॉटलंडच्या कांस्ययुगावरचा एक मजकूर मराठीत आणतेय, त्यात 'बर्न्ट माउंड' पानोपानी येतं. आधी मी सरळ 'जळका ढिगारा' लिहून मोकळी झाले होते, पण पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं की हे चुकतंय, कारण ढिगारा कधी जळलेलाच नाही.

वस्तू काय आहे ते सांगते. ओढ्याकाठी नाहीतर पाणथळ जागी गवताने झाकलेला उंचवटा, बऱ्याचदा घोड्याच्या नालेसारखा वाकडा. खणलं की आत तडकलेले दगड, कोळसा, काळी माती आणि बाकी फारसं काहीच नाही. नालेच्या पोटात एक दोण, कुठे लाकडी, कुठे दगडी. दगड विस्तवात लालबुंद करायचे, दोणीतल्या पाण्यात सोडायचे, पाणी उकळतं, दगड निवले की काढून बाजूला फेकायचे, आणि असं काही वेळा झालं की दगड फुटून निकामी होतो. ते फेकलेले दगड साठत साठत हे टेकाड झालं. बहुतेक इ.स.पू. २००० ते १००० च्या दरम्यानची आहेत.

कोणाला शब्द सुचतोय का?

—

ताई, 'राखेचं टेकाड' मात्र अजिबात नको, ते नाव आधीच दुसऱ्याचं आहे. कर्नाटकात बुदिहाळला डेक्कन कॉलेजच्या पड्डय्या सरांनी उत्खनन केलं ती राखेची टेकाडं, ती नवाश्मयुगातल्या गुराख्यांच्या शेणाची, जळून साठलेली. तिथे खरंच ढीग जळलाय. तुमच्याकडे दगड तापवलेत, ढीग नंतर झालाय. दोन्हीला एकच शब्द वापरला तर वाचणाऱ्याचा पक्का घोळ होणार.

'भाजक्या दगडांचा ढीग' कसं वाटतं? आपण भाजकी वीट म्हणतोच की.

—

भाजकी वीट म्हटलं की ती मुद्दाम भाजून पक्की केलेली, कामाला येणारी. इथे तर दगड वाया गेलाय. तडकलेला, उललेला. आमच्याकडे उन्हाने जमीन उलते म्हणतात तसा.

पण मला खरा शब्द 'विझवणे' वाटतो. आपण चुनकळी पाण्यात विझवतो, आणि माझी आजी विटेचा तुकडा चुलीत लाल करून पाण्यात विझवायची, ते पाणी पोट बिघडलेल्या पोरांना पाजायची, तो चर्रर्र आवाज मला अजून आठवतो. तापलेली वस्तू पाण्यात घालायला मराठीत हे क्रियापद तयार आहे आणि इंग्रजी नावात तर पाण्याचा पत्ताच नाही! एक शंका आहे पण, एवढा खटाटोप कशाला, सरळ भांडं चुलीवर ठेवायचं ना?

—

एवढं मोठं भांडं कुठून आणणार, मातीचं मडकं तेवढं टिकत नाही आणि लाकडी दोण विस्तवावर ठेवता येत नाही! म्हणून विस्तवच पाण्यात न्यायचा. ओ'केली नावाच्या आयरिश पुरातत्त्वज्ञाने १९५० च्या दशकात कॉर्क परगण्यात हे करून पाहिलं, सुमारे ४५० लिटर पाणी अर्ध्या तासाच्या आसपास उकळलं आणि साडेचार किलोची मेंढीची तंगडी गवतात गुंडाळून पावणेचार तासांच्या आत शिजली. आयर्लंडमध्ये अशा जागांना 'फुलाख्त फिआ' म्हणतात, फुलाख्त म्हणजे रांधायची जागा, फिआ म्हणजे हरीण किंवा रानातलं. म्हणजे तिकडच्या नावातच स्वयंपाक आहे, आणि तिथेच मला भीती वाटते, कारण हाडं फार कमी सापडतात. आम्लयुक्त मातीत हाडं विरघळतात हे खरं, पण कोणी वाफेचं स्नान म्हणतं, कोणी कातडी कमावणं, लोकर धुणं, कोणी चक्क बिअर. त्यामुळे 'रांधणीचं टेकाड' असलं काही मी करणार नाही, जे ठरलेलं नाही ते नावात घुसवायचं नाही.

'विझवणे' मात्र मनापासून पटलं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांत, ब्रेसे बेटावरचं क्रूस्टरचं टेकाड समुद्र खात चाललं होतं म्हणून आतलं दगडी बांधकाम २००८ मध्ये उचलून दुसरीकडे नेलं, त्या दोणीतही तापलेले दगड टाकून पाणी उकळून पाहिलं गेलंय. तिथे आजीच्या विटेसारखाच चर्रर्र आवाज झाला असणार असं वाचताना सारखं वाटत राहिलं.

ठरवलं मग. नाव 'विझवल्या दगडांचं टेकाड', पहिल्यांदा येईल तिथे 'बर्न्ट माउंड' सोबत, पुढे नुसतं 'दगडटेकाड'. स्कॉटलंडच्याच ऑर्कनी बेटांतल्या लिडल इथल्या टेकाडाबद्दलचं वाक्य आता असं झालंय: "दगडटेकाडाच्या मधोमध मोठी दगडी दोण आहे आणि तिच्यात उललेले दगड तिच्याच भोवती पडलेले आहेत." 'तिच्यात उललेले' यात दोणच उलली असं तर वाटत नाही ना, तेवढं सांगा.