मदत हवी आहे : खोल पेटी-फ्रेमसाठी लाकडी पट्टी कुठे मिळेल?

पांझरेकर (अमळनेर) : आजीचे चांदीचे वाळे आणि गोठ काचेमागे बसवून भिंतीवर लावायचे आहेत. अमळनेर व जळगाव येथील फ्रेमवाल्यांकडे फोटोची उथळ पट्टी मिळते, तीही बहुतेक सिंथेटिक. खोल खाचेची लाकडी पट्टी मागितली की ‘मुंबईहून मागवावी लागेल’ एवढेच उत्तर येते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येण्याआधी काम व्हायला हवे, तरी कृपया नेमके दुकान सांगावे.

गुण्या : खोल म्हणजे किती, हे आपण लिहिलेलेच नाही. सर्वांत जाड वस्तूची उंची, फ्रेमचे माप आणि किती फ्रेम हव्यात, हे कळल्याशिवाय दुकान सांगून काय उपयोग?

वखारवाले (धुळे) : आमच्याकडे जुनी धाब्याची घरे पाडली जातात, तेव्हा निघणारे सागवान घ्यावे. इतके मुरलेले लाकूड नव्या मालात मिळत नाही.

गुण्या : मुरलेले असते हे मान्य, परंतु त्यात मोडून राहिलेला एखादा खिळा रंधा मशीनचे पाते खराब करतो, म्हणून असे लाकूड रंधून द्यायला कारागीर सहसा तयार होत नाहीत.

तापीकाठ (भुसावळ) : पट्टी कोणतीही घ्या, पण मागे लोकरीचे कापड किंवा रबराचा गोंद वापरू नका, त्यांतील गंधकामुळे बंद पेटीत चांदी काळी पडते. सुती कापडावर दोऱ्याने बांधावे.

पांझरेकर : चांदीचे नंतर पाहू. फ्रेम एकच आहे, १२ बाय १६ इंच. वाळा कापडावर ठेवल्यावर १ इंच २ सूत (८ सूत म्हणजे १ इंच) उंच येतो.

गुण्या : मग खोल पट्टीची गरजच नाही. वाळ्याच्या उंचीत काचेपर्यंतची मोकळी जागा २ सूत, काच १ सूत आणि मागचा बोर्ड कापडासह २ सूत मिळवले, तर १ इंच ७ सूत होतात. म्हणजे २ इंच खोली पुरे. पुढे नेहमीची उथळ लाकडी पट्टी ४५ अंशांत कापून जोडावी आणि तिच्या मागे वखारीतून आणलेल्या ४ सूत जाडीच्या फळीची चौकोनी पेटी चिकटवावी. काच पुढच्या खाचेत बसते, आणि ती मागे सरकू नये म्हणून पेटीत आतून बारीक पट्ट्या लावाव्यात. मागचा बोर्ड मात्र स्क्रूने बसवावा, म्हणजे दागिने केव्हाही काढता येतील. फळी वाळलेली आहे ना, हे पाहून घ्यावे. आपल्याकडच्या वैशाखात ओल्या लाकडाचे सांधे उघडतात.

वखारवाले (धुळे) : वाळलेलीच हवी, तर मागची पेटी जुन्या सागाची करा, एवढेच तर मी म्हणत होतो. चार फळ्यांतले खिळे हातानेही काढता येतात.

पांझरेकर : पुढची उथळ पट्टी तरी सिंथेटिक नको आहे. ती अस्सल लाकडाची जळगावात कोणाकडे मिळेल?