सॉफ्टबॉल: मुलीचा प्रत्येक फटका सरळ वरच उडतो, काय करावं?

राजेंद्रनगरची आई:
नमस्कार. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, उजव्या हाताने खेळते. गेल्या वर्षी शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये आली. त्याआधी गल्लीत मुलांबरोबर टेनिस बॉलने क्रिकेट खेळायची, उचलून मारण्यात तिचा हात कुणी धरत नसे. अंगात ताकद आहे, बॅटला बॉल लागतोही, पण जातो सरळ वर. बॉल टाकणारी पिचर नाहीतर फर्स्ट बेसवाली दोन पावलं सरकते आणि झेल घेते. मागच्या मॅचला पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमच्या मुली होत्या, एकही आऊट नव्हतं. हिने तसाच उडवला. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या फिल्डरच्या, हातून झेल सुटला, तरी अंपायरने हिला आऊट दिलं. घरी येऊन जेवली नाही. सर सांगतात, "वरून खाली मार, जमिनीवर मार." तसं केलं की बॉल आणखीनच वर जातो. हिच्या बाबांनी मोबाईलवर व्हिडिओ काढलेत, पण त्यात बघायचं काय तेच आम्हाला कळत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

पलासियाचा दादा:
काकू, अंपायर बरोबर होता. त्याला इनफिल्ड फ्लाय म्हणतात. दोनपेक्षा कमी आऊट असताना पहिला-दुसरा किंवा तिन्ही बेस भरलेले असले आणि इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानात, सहज घेता येईल असा झेल उडाला, तर बॅटर तिथेच आऊट, झेल सुटला तरी. नाहीतर फिल्डर मुद्दाम बॉल पाडून दोन-दोन रनर बाद करतील. तिला एवढं नक्की सांगा की तिच्यावर अन्याय झाला नाही.

चिमणबागची जुनी कॅचर:
ताई, मी कॉलेजभर आणि पुढेही कॅचर म्हणून खेळले, आता मुलींना शिकवते. कॅचर बॅटरच्या पाठीमागेच बसलेली असते, त्यामुळे फटका कुठे बिघडतो ते तिला सगळ्यांच्या आधी दिसतं. उडालेला बॉल शोधून मास्क फेकायचा आणि धावायचं, यात माझी कितीतरी वर्षं गेली.

आधी बॉल कुठे उडतो ते बघा. सरळ मागे, माझ्यासारखीच्या डोक्यावर उडत असेल तर वेळ बरोबर आहे, फक्त बॅट बॉलच्या खालून गेली. उजव्या हाताची मुलगी फर्स्ट बेसकडे उडवत असेल तर ती खालून तर जातेच आहे, शिवाय तिला उशीरही होतोय. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची मुलगी दुसऱ्या प्रकारातली वाटते.

आता क्रिकेटचं. क्रिकेटची बॅट सपाट असते, सव्वाचार इंचांच्या आसपास रुंद. तिथे खालचा हात घालून उचललं की चेंडू लांब जातो. सॉफ्टबॉलची बॅट गोल, आणि जाड भागातही सव्वादोन इंचांपेक्षा जाड नसते. 12 इंच घेराच्या बॉलची जाडी जवळजवळ पावणेचार इंच. म्हणजे बॉल बॅटपेक्षा बराच जाड! गोलावर गोल आदळतो तेव्हा बॅट बॉलच्या मधापासून जरा जास्त खाली लागली की संपलं, बॉल पुढे जायच्या ऐवजी वर जातो. तिची ताकद वाया जातेय ती याच फरकात.

"वरून खाली मार" याच्याशी मी अजिबात सहमत नाही. सरांचा हेतू चांगला आहे, पण कुऱ्हाडीसारखी तिरकी खाली आलेली बॅट बॉलचं बूड तासते, बॉलला उलटी फिरकी बसते आणि तो वर चढतो. तुमच्या मुलीचं नेमकं तेच होतंय. पिचर बॉल कमरेखालून, मांडीजवळून सोडते, त्यामुळे कमरेच्या वर येणारा बॉल जवळपास सपाट येतो. बॅटही त्याच रेषेत शिरली पाहिजे आणि जास्तीत जास्त वेळ त्याच रेषेत राहिली पाहिजे.

व्हिडिओ हळू करून तीन गोष्टी बघा. फटका सुरू होताना हात छातीपासून पोटाकडे घसरतात का? मागचा गुडघा दुमडून अंग मागे बसतं का? कमरेच्या वरचा बॉल असूनही बॅटचं टोक हातांच्या खूप खाली लोंबतं का? खालच्या बॉलला टोक खाली जाणारच आणि मागचा खांदाही थोडा झुकणारच, तो दोष नाही. खांदे मुद्दाम सरळ ठेवायला लावू नका, मुलगी लाकडासारखी होते.

सरावासाठी टी हवी, म्हणजे वर बॉल ठेवून मारायचा उभा दांडा. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानातून जाड रबरी पाइप आणा, जड पाटाला पक्का बसवा. उंची तिच्या छातीएवढी ठेवा, कमरेएवढी नाही. गच्चीवर दोरीला जुनी चादर टांगा, तिच्यावर बॉलच्याच उंचीवर खडूने पट्टा ओढा आणि तो पट्टा फोडायला सांगा. घरचा बॉल म्हणजे मोज्यांचा गोळा, शेजाऱ्यांच्या काचाही वाचतात. छातीच्या उंचीचा बॉल खालून उचलायला जागाच उरत नाही, हात आपोआप वर राहतात. त्यात जम बसला की तशीच दुसरी रिकामी टी बॉलच्या मागे, हातभर अंतरावर, किंचित खाली ठेवा. बॅट खालून आली तर आधी तिलाच लागेल. मुलीला वेगळं बोलून दाखवावं लागत नाही, तिचं तिलाच कळतं. मला हा सराव सगळ्यात आवडतो तो यासाठीच.

राजेंद्रनगरची आई:
खूप आभार, ताई. व्हिडिओ पाहिला. हात घसरतात, अगदी तुम्ही लिहिलंत तसे. वरच्या बॉलवर जास्तच. आणखी एक विचारते, बॅट तिच्या आतेबहिणीची आहे, ती कॉलेजात खेळते. 33 इंची. त्याने फरक पडतो का?

चिमणबागची जुनी कॅचर:
खूपच पडतो! बारा वर्षांच्या मुलीला 33 म्हणजे लोढणं. टोक जड, म्हणून ते खाली पडतं आणि पोचायलाही उशीर होतो. तुमच्या दोन्ही तक्रारी तिथूनच सुरू होत असाव्यात. बहुतेक मुलींना या वयात 29 ते 31 इंचांची चालते. 30 इंची बॅट 20 औंसांची, म्हणजे साधारण 570 ग्रॅम, मिळाली तर उत्तम. दुकानात तिला एका हाताने बॅट बाजूला आडवी धरायला सांगा. वीस सेकंदांत हात थरथरून खाली येत असेल तर ती बॅट घेऊ नका. नवी लगेच घेणं जमत नसेल तर हीच बॅट दोन-तीन बोटं वर धरू द्या, आज संध्याकाळपासूनच.

तिलकनगरची लेफ्टी:
मी अजून खेळते, म्हणून मॅचमधलं एक सांगते. छातीच्या उंचीचा बॉल डोळ्यांना मोठा दिसतो, त्याचाच मोह होतो, आणि पिचरला हे पक्कं ठाऊक असतं. दोन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले बॉल) होईपर्यंत तो सोडून द्यायचा. कमरेच्या आसपासचा मिळाला तरच बॅट काढायची.

चिमणबागची जुनी कॅचर:
अगदी बरोबर. टीवर वरचा, मॅचमध्ये कमरेचा, यात गोंधळ होऊ देऊ नका. टी हातांना सवय लावण्यासाठी आहे. आणि ताई, बाबांना सांगा, पुढचा व्हिडिओ फर्स्ट बेसच्या बाजूने काढायचा, म्हणजे छाती, हात आणि गुडघा समोर दिसेल. एक मागूनही, जाळीच्या पलीकडून. दोन्ही इथे टाका, मी बघून सांगते. मॅच चालू असताना मात्र बाहेरून कुणी "खांदा, खांदा" ओरडायचं नाही. बॅटर्स बॉक्समध्ये उभ्या मुलीला फक्त बॉल दिसू द्या.